तरुण वयात ब्रेस्ट कॅन्सर: तुम्हाला कोणी सावरलं?

रेवा_इंदूर
काल कपाट आवरताना केमोच्या वेळची मलमलची टोपी सापडली आणि सगळं वर आलं. तेव्हा मी तिशीतली, लेक बालवाडीत. गाठ दाखवली तर "दुधाची असेल" म्हणून आधी घरी पाठवलं होतं. पुढे सोनोग्राफी, बायोप्सी. पहिल्या केमोनंतर केस उशीवर यायला लागले. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकली, ह्यांचं ट्रिमर आणलं आणि सगळं उतरवून झाल्यावर डोक्याला कोमट खोबरेल चोळत बसल्या. खूप वेळ. मला त्या हातांनी सावरलं. तुमचंही लिहा ना.

नर्मदाकाठ
आमचं टाटाला. अवंतिका एक्सप्रेसने रात्री इंदूरहून निघायचं, सकाळी मुंबई. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जळगावच्या एक काकू भेटल्या. ऑपरेशननंतर भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम असतो, तो जोडीने करायचो. माझा हात खांद्यापाशीच अडला की म्हणायच्या, "थांब गं, श्वास घे, मग एक बोट." सख्ख्या बहिणीशी बोलले नाही ते त्यांच्याशी बोलले. आणि हो, हॉस्पिटलकडून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म भरून घ्या. स्लीपर, थर्ड एसीत पेशंटला भाडं नाही, सोबतच्याला ७५ टक्के सूट.

भाग्यश्री_आर
रेवा, टोपी कुठे मिळाली? वहिनीला हवीये. उन्हाळ्यात विग नकोच म्हणते.

रेवा_इंदूर
क्लॉथ मार्केटमधून मलमल आणून घरीच शिवली. शिवण बाहेरून घे, आतून टोचते.

पोहेजिलेबी
केमोत मला पोह्यांचा वास सहन होईना, सगळं लोखंडासारखं लागायचं. स्टीलऐवजी लाकडी चमचा घेतला, जरा बरं वाटलं. मैत्रीण रोज डबा आणायची, "खाल्लंस का" विचारायची नाही. वर जिरावणाची, आपल्या इंदुरी मसाल्याची, पुडी मात्र असायचीच 😄

नर्मदाकाठ
जिरावणाशिवाय इंदूरकर बरा होतच नाही!

पल्लवी_
माझं लग्न व्हायचं होतं. घरात स्थळांचीच काळजी. डॉक्टरीणबाईंनी केमोच्या आधी स्त्रीबीजं गोठवायचं सुचवलं, कारण केमोने बीजकोशांना धक्का बसू शकतो. सगळे गप्प. आजी म्हणाली, "असू दे की सोय. पुढचं तिचं ती बघेल." त्या वाक्यावर मी उपचार काढले. आता टॅमॉक्सिफेन, ती हॉर्मोनची गोळी, चालू आहे. मधेच अंगातून वाफा निघतात, कोणाला उपाय?

अनामिक
आजच रिपोर्ट आला. वय २८. ट्रिपल निगेटिव्ह. आईला सांगितलं नाहीये.

रेवा_इंदूर
बाळा, व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघ. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे गाठीत दोन्ही हॉर्मोनचे आणि HER2चे रिसेप्टर नसतात, म्हणून हॉर्मोनच्या गोळ्या लागू पडत नाहीत, केमो लागू पडतो. बऱ्याचदा आधी केमो, मग ऑपरेशन. बीआरसीए तपासणीचं (आनुवंशिक जनुकदोष आहे का ते बघतात) विचार, आणि पल्लवीने लिहिलंय तेही केमोच्या आधीच विचार. डॉक्टरांकडे मी येते सोबत. आईला सांगताना कोणी हवं असेल तर तेव्हाही येते.