वरच्या मजल्यावर फ्लश केला की आमच्या कमोडमध्ये बुडबुडे येतात : फरशी फोडण्याआधी काय तपासावे?

तळमजला (धागाकर्ती)

पुण्यात १९९४ साली बांधलेल्या एका चार मजली इमारतीत आम्ही तळमजल्यावर राहतो. गेले दोन महिने वरच्या कोणीही फ्लश केला की आमच्या कमोडमध्ये बुडबुडे येतात आणि न्हाणीघरातल्या जाळीतून गुडगुड असा आवाज येतो. सकाळच्या गर्दीच्या वेळी तर जाळीवर काळपट पाणी चढते आणि थोड्या वेळाने आपोआप ओसरते. एका प्लंबरने न्हाणीघराची फरशी फोडून नहाणी ट्रॅप (जाळीखालचा, पाणी अडवून ठेवणारा वाकडा भाग) बदलावा लागेल असे सांगितले. दुसऱ्याने ॲसिडची बाटली ओतून पाहा, असे सुचवले. सासूबाईंना दम्याचा त्रास असल्यामुळे घरात पसरणाऱ्या दुर्गंधीची मला अधिक काळजी वाटते. फरशी फोडण्याआधी आम्ही स्वतः काय तपासावे आणि कॅमेऱ्याने वाहिनीची तपासणी करून घेणे योग्य ठरेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

निवृत्त अभियंता

फरशीला कृपया हात लावू देऊ नका. आपण दिलेल्या वर्णनावरून दोष आपल्या न्हाणीघरात असेल असे मला वाटत नाही.

हा आवाज हवेचा असतो, हे आधी लक्षात घ्यावे. प्रत्येक ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी अडून राहते आणि तेवढाच पडदा आपले घर व मैलावाहिनी यांच्यामध्ये असतो. वरून फ्लशचे पाणी उभ्या पाइपातून खाली येते तेव्हा ते आपल्यापुढची हवा ढकलत येते. पुढची वाट मोकळी असेल तर ती हवा चेंबरकडे, म्हणजे आवारातल्या झाकणाच्या सांडपाणी-खड्ड्याकडे, निघून जाते. वाट अर्धवट तुंबलेली असेल तर ती सर्वांत जवळच्या ट्रॅपमधून बाहेर पडते, आणि तो ट्रॅप बहुधा तळमजल्याचाच असतो. (म्हणूनच तळमजल्याची जोडणी उभ्या पाइपाला न देता स्वतंत्रपणे थेट चेंबरमध्ये न्यावी, असा चांगल्या बांधकामाचा दंडक आहे.) याच्या उलट, गच्चीवरचे व्हेंट पाइपाचे (सांडपाण्याच्या पाइपात हवा खेळती ठेवणाऱ्या नळीचे) तोंड बंद झाले असेल तर खाली पडणारे पाणी आपल्यामागे हवा ओढते, ट्रॅपमधले पाणी शोषले जाते, कमोडमधली पातळी खाली गेलेली दिसते आणि वास घरात शिरतो. बुडबुडे वर येत आहेत की पाणी खाली ओढले जात आहे, एवढे नीट पाहिले तरी निम्मे निदान होते. केवळ एकच बेसिन आवाज करीत असते तर दोष त्याच्या स्वतःच्या पाइपात शोधावा लागला असता. आपल्याकडे मात्र वरच्यांच्या वापराने दोन्ही ठिकाणी परिणाम होत आहे आणि पाणी ओसरतही आहे. म्हणजे अडथळा अर्धवट आहे आणि सर्वांचे पाणी जिथे एकत्र येते त्याच्या पुढे आहे.

सोसायटीच्या माणसाकडून आवारातील सर्व चेंबरांची झाकणे उघडून घ्यावीत, ती काही वेळ तशीच उघडी ठेवावीत आणि वरून एकापाठोपाठ दोन-तीन फ्लश करायला सांगावेत. भरलेला चेंबर आणि त्यापुढचा जवळजवळ कोरडा चेंबर या दोहोंच्या मधल्या पाइपात अडथळा असतो. सर्वच चेंबर काठोकाठ भरलेले असतील तर अडथळा शेवटच्या चेंबरच्या पुढे, बहुधा रस्त्याखालच्या महापालिकेच्या वाहिनीत असतो आणि तक्रार तिकडे करावी लागते. झाकण उघडल्यावर कोणीही वाकून आत पाहू नये व जवळ काडी पेटवू नये. हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असेल तर नाकाला त्याचा वास कळेनासा होतो; वास नाही म्हणजे धोका नाही, असे कदापि समजू नये. त्याच दिवशी गच्चीवर जाऊन व्हेंट पाइपही पाहून घ्यावा.

स्वच्छ मोरी

ॲसिडचा प्रयोग अजिबात करू नये. अडथळा बाहेर असेल तर ते तिथपर्यंत पोहोचेतो पातळ होते. वाटेत मात्र जुन्या पाइपांचे सिमेंटचे सांधे खाते. न्हाणीघर धुण्याच्या ब्लीचशी त्याची गाठ पडली तर क्लोरिन वायू तयार होतो, जो दम्याच्या रुग्णाला अत्यंत घातक आहे. शिवाय नंतर पाइप उघडणाऱ्या कामगाराच्या अंगावर तेच पाणी उडते.

तळमजला (धागाकर्ती)

आपण सांगितल्याप्रमाणे काल सर्व झाकणे उघडली. दुसरा चेंबर भरलेला आणि तिसरा जवळजवळ कोरडा आढळला. त्या दोहोंच्या मध्ये उंबराचे मोठे झाड आहे आणि पाइप जुने, चिनी मातीचे आहेत. गच्चीवर घातलेल्या पत्र्याच्या शेडसाठी व्हेंट पाइप कापून त्याचे तोंड पत्र्याखालीच सोडलेले आहे. आता सोसायटीने कोणते काम करून घ्यावे?

सोसायटी सचिव

आमच्या सोसायटीत हेच घडले होते, म्हणून अनुभवाने लिहितो. प्रथम जेटिंग मशीनने, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने, ती वाहिनी धुऊन घ्यावी आणि त्यानंतर कॅमेरा सोडावा; तुंबलेल्या पाण्यात कॅमेऱ्याला काहीही दिसत नाही आणि पैसे वाया जातात. नुसत्या बांबूच्या कामट्या पाइपात घालून मारल्या तर मुळांच्या जाळ्याला भोक पडते, पाणी वाहू लागते आणि काही महिन्यांत तोच त्रास पुन्हा सुरू होतो. मुळे सांध्यातून शिरतात, त्यामुळे तेवढा भाग काढून तिथे पीव्हीसी पाइप टाकणे हाच टिकाऊ उपाय आहे. ११० मिलिमीटरच्या पाइपाला दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर उतार मिळतो की नाही, हे माती लोटण्यापूर्वी स्वतः मोजून पाहावे.

कोणत्याही माणसाला साफसफाईसाठी चेंबरमध्ये उतरू देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. सुरक्षा साधनांशिवाय असे काम करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. ठेकेदार "पाच मिनिटांचे काम आहे" असे म्हणाला तर त्याला परत पाठवावे.

खर्चाचे म्हणाल, तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) सांडपाण्याच्या सामाईक वाहिन्यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. तो भार एकट्या तळमजल्यावर टाकता येत नाही.

तळमजला (धागाकर्ती)

जेटिंग झाले, तेव्हापासून बुडबुडे थांबले आहेत. कॅमेऱ्यात दोन सांधे सरकलेले आणि त्यांतून शिरलेली मुळे स्पष्ट दिसली. काही सभासद आता उंबरच तोडावा असे म्हणत आहेत. ते खरोखर आवश्यक आहे का?

निवृत्त अभियंता

नाही. आधी गळणारे सांधे आणि मग मुळे, असा तो क्रम आहे. पाइप अखंड असता तर मुळांना आत शिरायला वाट मिळाली नसती. शिवाय महाराष्ट्रात शहरी भागातील झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. नवी वाहिनी खोडापासून जमेल तितकी दूरून न्यावी, वळणावर एक चेंबर वाढवावा आणि व्हेंट पाइप पत्र्याच्या वर काढून त्यावर जाळीची टोपी बसवावी. खोदकाम पावसाळ्यापूर्वी संपवावे, कारण भिजलेल्या मातीत पाइपाचा उतार टिकत नाही.