गटाला दाखवायला सिनेमा सुचवा: आपण नक्की कुठले? (2 तासांच्या आत!)

शमिका_हैद: हैदराबादेत आमची काही मराठी कुटुंबं दर महिन्याला सोसायटीच्या हॉलमध्ये सिनेमा बघतात. या वेळी परकेपण, आपलेपण या विषयावरचा स्वतंत्र, म्हणजे बड्या स्टुडिओबाहेर बनलेला, सिनेमा हवाय. अट एकच, 2 तासांच्या आत संपावा, कारण हॉल साडेनऊला बंद होतो. आठवी-नववीतली मुलंही असतात.

रानवारा: फँड्री. दुसरं नाव घेऊच नका. डुक्कर हाती लागणार तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, ते पकडायला धावणारं अख्खं दलित घर जागच्या जागी ताठ उभं, आणि डुक्कर पसार. जन्मलेल्या गावातच परकं असणं काय असतं ते तिथे कळतं.

अभ्या: पॅरिस, टेक्सस (1984). चार वर्षं बेपत्ता असलेला बाप परततो. शेवटी काचेपलीकडे बायको, तिला हा दिसत नाही, फोनवरून सगळं सांगत बसतो. जवळपास अडीच तासांचा आहे, पण एक मिनिटही कापू नका.

रानवारा: अट वाचलीत का?

अभ्या: वाचली. हॉलची वेळ वाढवून घ्या की!

देशपांडे_काका: फँड्री स्वतंत्र कसा? मोठ्या वाहिनीने थिएटरात आणला होता.

रानवारा: काका, वितरण नंतरची गोष्ट. गोष्ट कुणाची आणि सांगतोय कोण, ते बघा.

मुक्ता: साबर बोंडं! वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकाला गावी येतो. नातेवाईक लग्नावरून भंडावतात, आणि लहानपणचा बाळ्या पुन्हा भेटतो. 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या मायेनं मराठीत मी तरी पाहिलं नव्हतं. मुलं असतील तर आधी स्वतः बघून ठरवा.

सह्याद्री77: फँड्रीच. शेवटी त्या घरातला पोरगा भिरकावतो तो दगड थेट आपल्यावर येतो.

जयू: काहीही लावा, किल्ला नको. आमच्या मंडळात लावला तर मोठी माणसं "पोरांचा सिनेमा" म्हणत चहाला उठली, फार वाईट वाटलं. आणि सबटायटल आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर चालवून बघा. आमच्याकडे संवाद होऊन जायचा, मग अक्षरं यायची. अमराठी शेजारी मध्यातच निघून गेले.

मुक्ता: सबटायटलचं अगदी खरं.

शमिका_हैद: सगळ्यांचे आभार. किल्लाच लावतेय. जयू, आमच्यातली बरीच मुलं आईवडिलांच्या बदलीमुळे इथे आलीत. सिनेमातल्या चिन्मयचे वडील गेलेत, आईची बदली कोकणात. भर पावसात मित्र त्याला किल्ल्यावर एकटं सोडून पळतात. पुढे तो गावात रुळतो, तर आईची पुन्हा बदली. आमची पोरं हेच जगतायत. 2014 ला बर्लिन चित्रपट महोत्सवात मुलांच्याच ज्युरीनं किल्लाला क्रिस्टल बेअर पुरस्कार दिला होता. साबर बोंडं मोठ्यांसाठी वेगळं ठेवते. सबटायटल शुक्रवारी तपासते.

अभ्या: पुढच्या महिन्यात तरी पॅरिस, टेक्सस ठेवा. हॉलवाल्यांशी आत्ताच बोलून ठेवा.