आईला आंघोळीनंतर चक्कर येते, बाथरूममध्ये काय बसवावं? (तातडीने मदत हवी)

अधीर_पुणेकर:
नेमकं उत्तर हवंय. "डॉक्टरांना दाखवा" नको, दाखवून झालंय. आई, वय ६८, नाशिकला एकटी असते. आंघोळ करून बाहेर आली की डोकं जड, मळमळ, चक्कर. परवा तर दाराला धरून खालीच बसली. बीपी, शुगर ठीक. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. हल्ली तिचं कशात लक्षच नसतं. धरायचे दांडे आणि न घसरणाऱ्या टाइल्स बसवायच्या आहेत. कुठले घेऊ? शनिवारी जातोय, त्याआधी ऑर्डर टाकायची आहे.

चहाबाज:
दांडे स्टेनलेस स्टीलचे, भिंतीत ड्रिल करून बसवायचे. ते चिकटवायचे सक्शनवाले अजिबात नकोत, ओल्या टाइलवरून सुटतात.

मोगरा१२:
रिकाम्या पोटी आंघोळ करतात का? आमच्या सासूबाई आधी गुळाचा खडा तोंडात टाकतात. कधी चक्कर नाही.

रात्रपाळी:
पाणी कशावर तापतं?

अधीर_पुणेकर:
याचा काय संबंध? गीझर आहे.

रात्रपाळी:
इलेक्ट्रिक की गॅसचा? बाथरूमच्या आत की बाहेर? त्रास वर्षभर होतो की थंडी पडल्यापासून?

अधीर_पुणेकर:
गॅसचा. आतच आहे, बऱ्याच जणांकडे असतो तसा. त्रास दिवाळीनंतर सुरू झाला. दांड्यांबद्दल कोणी बोलेल का?

रात्रपाळी:
दांडे राहू द्या. आत्ता आईंना फोन करा आणि तो गीझर बंद करायला सांगा. व्हेंटिलेटर उघडा आहे का तेही विचारा.

सदाशिव_पेठी:
उगाच घाबरवू नका लोकांना. आमच्याकडे वीस वर्षं गॅस गीझर आहे. गळती असती तर वास आला असता.

रात्रपाळी:
काका, वास येतो तो एलपीजीला, कारण त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन घातलेलं असतं. मी बोलतोय कार्बन मोनॉक्साइडबद्दल. बंद जागेत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि तो तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतो. साध्या ऑक्सिमीटरला दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून ९८ दिसतात. त्या आकड्यावर विसंबू नका.

मी एमआयडीसीत सेफ्टीला आहे. टाकीत माणूस उतरवायचा तर आधी आतली हवा मोजतात. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असला तर परमिट नाही, आणि बाहेर एक माणूस उभा असल्याशिवाय कोणी आत जात नाही. आत कोणी पडला म्हणून दुसरा तसाच धावत उतरतो आणि तोही पडतो, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. घरी मात्र कडी लावून, झरोका बुजवून त्याच हवेत आपण आंघोळ करतो.

अधीर_पुणेकर:
फोन केला. व्हेंटिलेटरच्या काचपट्ट्यांमध्ये वर्तमानपत्र कोंबलंय. थंडी वाजते आणि कबुतरं येतात म्हणून. ज्योत कशी दिसते विचारलं, तर "पिवळी, आधी निळी होती" म्हणाली. गीझर बंद करायला लावला.

चहाबाज:
पिवळी ज्योत म्हणजे बर्नर नीट जळत नाहीये. एक्झॉस्ट फॅन लावा, काम झालं.

रात्रपाळी:
नुसत्या फॅनने नाही होत. आत हवा यायला दाराखाली जाळी नसेल तर फॅन खेचणार काय? गीझर बाहेर उघड्यावर काढा, आत फक्त गरम पाण्याची पाइप आणा. नाहीतर सरळ इलेक्ट्रिक घ्या.

मोगरा१२:
आमच्याकडे गॅस डिटेक्टर आहे, तो वाजेल ना?

रात्रपाळी:
ताई, स्वयंपाकघरातला तो बहुधा एलपीजीचा असतो. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा मिळतो. आणि एलपीजीचा वास आला तर बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर पडून १९०६ लावा.

सदाशिव_पेठी:
अवांतर: कबुतरांना खिडकीबाहेर नायलॉनची जाळी लावा. लोक दाणे टाकतात तिथेच खरी चूक आहे. आमच्या सोसायटीत यावरून मीटिंगमध्ये मारामारी व्हायची बाकी होती.

चहाबाज:
काका, तुमचा गीझर आत आहे की बाहेर?

सदाशिव_पेठी:
आत आहे. पण आमची खिडकी मोठी आहे.

अधीर_पुणेकर:
प्लंबर सोमवारशिवाय येत नाही म्हणतोय. तोवर शेगडीवर पाणी तापवून बादलीत. पण ६८ वर्षांच्या बाईने उकळतं पातेलं उचलून न्यायचं का? शेजारच्या काकू येतील, पण रोज नाही.

मोगरा१२:
उकळू द्यायचंच नाही. बादली ओट्यापाशी ठेवून तांब्यातांब्याने घालायचं, मग गार पाणी मिसळायचं. बादली अर्धीच भरा. आणि कडी लावू नका म्हणावं.

रात्रपाळी:
डॉक्टरांना पुन्हा फोन करा आणि गॅस गीझरचं नाव घेऊन सांगा. रक्तात कार्बॉक्सीहिमोग्लोबिन (म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन) तपासता येतं, पण मोकळ्या हवेत ते काही तासांत उतरतं, त्यामुळे उद्याचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गीझर परत सुरू करू नका.

अधीर_पुणेकर:
बरं. दांड्यांची लिंक कोणी देणार का? ते लावायचेच आहेत.