सासूबाईंचे नागरिकत्व आणि इलोइलोतील मेहुण्याचे लग्न : आधी काय?

दूरदेशी

नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, गेली २२ वर्षे न्यू जर्सीत आहे. माझी पत्नी फिलिपिन्समधील इलोइलो शहरातली. ती परिचारिका म्हणून येथे आली आणि पुढे अमेरिकेची नागरिक झाली. तिच्या अर्जावर सासूबाई २०१८ मध्ये ग्रीन कार्ड घेऊन आमच्याकडे आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या धाकट्या मुलासाठी आय-१३० (नातेवाइकाला अमेरिकेत कायमचे आणण्याचा अर्ज) भरला. मेहुणा तेव्हा २९ वर्षांचा व अविवाहित होता, त्यामुळे त्याचा अर्ज एफ२बी वर्गात (ग्रीन कार्डधारकाची २१ वर्षांवरील अविवाहित मुले) आहे.

तो आता एका मुलीबरोबर राहतो. त्यांना २०२१ मध्ये कन्यारत्न झाले आणि मुलीकडची मंडळी लग्नासाठी आग्रह धरून आहेत. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की गावातल्या चर्चमध्ये साधेपणाने लग्न लावावे आणि दूतावासाला कळवू नये. इकडे सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत व त्यांना नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. लग्न आधी की नागरिकत्व आधी, आणि त्याचा मेहुण्याच्या क्रमांकावर काय परिणाम होईल, हे कोणी अनुभवाने सांगेल का? घरात याच विषयावरून रात्री उशिरापर्यंत बोलणी चालतात आणि सासूबाईंना झोप लागत नाही.

पाऊलवाट

मी कॅलिफोर्नियात डेली सिटी येथे एका वकिलांच्या कार्यालयात काम करते आणि आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे फिलिपिनो आहेत. तुमचा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे, आणि चुकीच्या क्रमाने पाऊल टाकल्यामुळे वर्षानुवर्षांची प्रतीक्षा एका दिवसात वाया गेलेली पाहिली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाई नागरिक होण्यापूर्वी मेहुण्याने लग्न केले, तर त्याचा अर्ज आपोआप रद्द होतो. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलासाठी कायद्यात कोणताही वर्गच नाही, त्यामुळे अर्जाची २०१८ ची तारीखही, जिच्यावरून रांगेतला क्रमांक ठरतो, हातची जाते. सासूबाई नागरिक झाल्यावर लग्न झाले, तर अर्ज एफ३ मध्ये (नागरिकाची विवाहित मुले) जातो आणि तारीख टिकते. पण फिलिपिन्ससाठी एफ३ ची रांग वीस वर्षांच्या आसपास आहे. कुटुंब व नोकरी या मार्गांनी दिल्या जाणाऱ्या व्हिसांपैकी कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत, आणि फिलिपिन्समधून मागणी त्याहून कितीतरी मोठी आहे. व्हिसा बुलेटिनमध्ये (कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे सांगणारे सरकारी मासिक पत्रक) चीन, भारत व मेक्सिकोप्रमाणे फिलिपिन्सचाही वेगळा रकाना असतो तो याचमुळे.

तो अविवाहित असताना सासूबाई नागरिक झाल्या, तर एफ२बी चा अर्ज एफ१ मध्ये (नागरिकाची २१ वर्षांवरील अविवाहित मुले) बदलतो. ही बढती वाटते, पण फिलिपिन्सच्या बाबतीत एफ१ ची तारीख कित्येक वर्षे एफ२बी च्या मागे रेंगाळत होती. म्हणूनच २००२ च्या कायद्याने अशा मुलांना ‘मला एफ२बी मध्येच राहू द्या’ असे लेखी कळवण्याची मुभा दिली आहे. सासूबाई नागरिक होतील त्या वेळच्या बुलेटिनमधील दोन्ही तारखा शेजारी ठेवून मगच निवड करावी.

लपवून लग्न करण्याचा सल्ला मात्र कृपया मनातूनही काढून टाका. तेथे चर्चमधले लग्न हे कायदेशीर लग्नच असते. लग्न लावणाऱ्या पाद्रींनी १५ दिवसांच्या आत स्थानिक नोंदणी कार्यालयाकडे प्रती पाठवायच्या असतात आणि तेथून नोंद पीएसए या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयापर्यंत पोहोचते. मुलाखतीच्या वेळी अविवाहित असल्याचा पीएसएचा दाखला, म्हणजे सेनोमार, मागतात. तेथे खोटे उघड झाले, तर केवळ हा अर्ज जात नाही, तर चुकीची माहिती दिल्याचा ठपका जन्मभर प्रवेशाच्या आड येऊ शकतो. नोंद चुकून निसटली आणि व्हिसा मिळालाच, तरी पुढे पत्नीसाठी अर्ज करताना लग्नाची तारीख सांगावी लागणारच आहे.

कोकणकडा

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. माझे सासर सेबूचे असल्याने कागदपत्रांविषयी थोडे सांगते. लग्न थांबले तरी बाळाचे नुकसान होत नाही, कारण अविवाहित पित्याचे २१ वर्षांखालील मूल त्याच्याबरोबर येऊ शकते. मात्र जन्मदाखल्यावर पित्याने पितृत्व स्वीकारल्याची सही असावी, आणि तो मुलीला सांभाळतो याचे पुरावे (शाळेची पावती, पाठवलेले पैसे, एकत्र छायाचित्रे) आजपासून जपून ठेवावेत.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी लोकांसाठी. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते. फिलिपिनो माणसाचे मधले नाव म्हणजे आईचे माहेरचे आडनाव. सासऱ्यांसाठी अर्ज भरताना मी सवयीने त्यांच्या वडिलांचे नाव तेथे लिहिले होते, आणि ती एक चूक दुरुस्त करण्यात आमचे कित्येक महिने गेले. अर्ज तुम्ही भरणार असाल, तर पत्नीकडून प्रत्येक नाव पीएसएच्या दाखल्याशी अक्षरशः ताडून घ्या.

दूरदेशी

दोघींचेही मनापासून आभार. आज मेहुण्याशी बोललो. तो शांतपणे ऐकून म्हणाला, की थांबण्याची तयारी आहे, पण आईला काही झाले तर काय? खरे सांगायचे तर हा प्रश्न आमच्या कोणाच्याच तोंडून निघत नव्हता.

पाऊलवाट

त्याची शंका रास्त आहे. अर्जदाराचे निधन झाल्यास मंजूर अर्जही रद्द होतो. मानवतेच्या कारणावरून तो पुन्हा जिवंत करण्याची विनंती करता येते आणि त्यासाठी कुटुंबातील दुसऱ्या कोणीतरी आर्थिक हमी घ्यावी लागते, परंतु तो निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतो. म्हणून तुमच्या पत्नीने भावासाठी एफ४ चा (नागरिकाची भावंडे) स्वतंत्र अर्ज याच महिन्यात भरावा. नागरिक बहिणीच्या अर्जात भाऊ विवाहित की अविवाहित याने फरक पडत नाही, आणि पत्नी व अल्पवयीन मुले त्याच्याबरोबर येऊ शकतात. ती रांगही दोन दशकांची आहे, पण दोन्ही अर्ज एकाच वेळी उभे राहू शकतात आणि तारीख भरल्या दिवसापासूनच मोजली जाते. लग्नाविषयी मुलीच्या आईवडिलांशी बोलताना तुमच्या पत्नीने स्वतः बोलावे असे मला वाटते. मेहुणा ग्रीन कार्ड घेऊन आल्यावर परत जाऊन लग्न करू शकतो व तिच्यासाठी एफ२ए चा (ग्रीन कार्डधारकाची पत्नी) अर्ज भरू शकतो, हे त्यांना नीट समजावून सांगितले, तर थांबण्यामागे टाळाटाळ नाही हे त्यांना पटेल.