मदत हवी आहे: 'रामटेक' हे नाव नेमकं कधीपासून?

आमच्या नागपूरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची रामटेक सहल ठरली आहे. माहितीचं एक पान मला लिहायचंय आणि नावापाशीच गाडी अडलीये.

गडावर दोन कथा ऐकल्या. राक्षसांनी मारलेल्या ऋषींची हाडं पाहून रामाने राक्षसांच्या नाशाची टेक, म्हणजे प्रतिज्ञा, इथे केली ही एक. वनवासात तो इथे टेकला, विसावला, ही दुसरी. (दुसरी मला जरा सोयीची वाटते.)

जुनी नावं मिळाली आहेत. वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या ऋद्धपूर ताम्रपटात 'रामगिरिस्वामी' येतो. लक्ष्मण मंदिरातल्या यादवकालीन शिलालेखात सिंदूरगिरी आणि तपंगिरी. सिंदूरगिरीचं कारण नरसिंहाने मारलेल्या हिरण्यकशिपूचं रक्त असं सांगतात. फुटलेला दगड लालसर दिसतो खरा. म्हणजे 'गिरी' सगळीकडे, 'टेक' कुठेच नाही!

मेघदूतातल्या रामगिरीबद्दल कृपया नको, ते माहीत आहे. व्हॉट्सअॅपवरचे फॉरवर्डही नकोत. संस्कृत वाचता येत नाही, त्यामुळे मराठी पुस्तक, तेही नागपुरातल्या एखाद्या ग्रंथालयात मिळेल असं हवं.

'रामटेक' हेच रूप सर्वात आधी कोणत्या लेखात, पोथीत किंवा भोसलेकालीन कागदात सापडतं? आणि प्रतिज्ञेची कथा एखाद्या जुन्या स्थानमाहात्म्यात आहे, की ती नावावरून मागाहून जुळवली?