कुंगफू पिक्चर आणि आपण: आठवणी लिहा

परवा रात्री झोप येईना म्हणून 'ड्रंकन मास्टर' लावला, १९७८ चा. मग उरलीसुरली झोपही उडाली. त्याचा दिग्दर्शक युएन वू-पिंग पुढे 'मॅट्रिक्स'च्या फाइट बसवायला गेला, पण माझा जीव अजून याच पिक्चरात अडकलाय. कॅमेरा लांब उभा, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, आणि वारामागून वार अडवले जातात तरी कुणी 'कट' म्हणत नाही. पैसा थोडा, पण अंगातली कसरत अस्सल. तुम्हालाही असं काही आठवत असेल तर सविस्तर लिहा.

*

माझी आठवण आवाजाची. हाँगकाँगचे त्या काळचे बहुतेक पिक्चर आवाजाविना शूट व्हायचे, संवाद नंतर भरायचे. ओठ मिटले तरी वाक्य चालूच! नुसती बाही झटकली तरी चाबकाचा फटकारा. आम्ही भावंडं टीव्हीचा आवाज बंद करून ते सगळे आवाज तोंडानं काढायचो.

*

भावानं ब्रूस लीची कॅसेट आणली. अर्ध्या तासानं हळूच म्हणाला, "हा तो नाहीये."

ब्रूस ली १९७३ च्या जुलैत गेला, आणि त्याच्यासारखे दिसणारे कितीतरी नट उभे केले गेले. तैवानच्या हो चुंग-ताओला दिलेलं नाव तर आपल्या लिपीत लिहिलं की तेही 'ब्रूस ली'च होतं. तेव्हा फसवलं म्हणून मी रडलो होतो. आता तेच पिक्चर पाहताना त्या माणसासाठी जीव तुटतो. लाथ त्याची, घाम त्याचा आणि नाव दुसऱ्याचं. मी हल्ली आवर्जून त्याला हो चुंग-ताओच म्हणतो.

*

हाँगकाँगचा दिग्दर्शक गॉडफ्रे हो याचे निंजांचे पिक्चर! दुसऱ्याच कुठल्या तरी पिक्चरला निंजांचे नवे प्रसंग जोडलेले असायचे. एका गोष्टीतला माणूस दुसऱ्या गोष्टीतल्या माणसाशी फक्त फोनवर बोलायचा. हे फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर ते जास्तच आवडायला लागले.

*

मला सिंथिया रॉथरॉकनं वेड लावलं. ती खरीखुरी कराटेपटू, स्वतःच्या डोक्यावरून मागच्या माणसाला लाथ मारायची. १९८५ च्या 'यस, मॅडम!'मध्ये तिच्यासोबत मिशेल योह, मुळात बॅले शिकलेली. दोघी पोलीस, आणि त्यांना सोडवायला कुणी हिरो येत नाही! घरी कुणी नसताना मी ती लाथ मारून पाहिली. पाय जेमतेम कमरेपर्यंत पोचला. पुढच्याच आठवड्यात क्लासमध्ये नाव घातलं. आता मी शिकवते तेव्हा मुलींना तो तुकडा दाखवते, आणि एकदा पाहून कुणाचंच भागत नाही.

*

ताई, आमची 'यस, मॅडम!'ची कॅसेट शेवटच्या फाइटपाशी पार झिजली होती. पडद्यावर पांढऱ्या रेघा नाचायला लागल्या की आम्ही सरसावून बसायचो, आता काचा फुटणार.