दोन आसनी विमानासाठी परवडणारं इंजिन कोणतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दोन आसनी हलकं विमान बांधतोय. सांगाडा उभा आहे, पंखही जवळजवळ झालेत. आता इंजिन ठरल्याशिवाय माउंट (इंजिन बसवायची चौकट) बनवता येत नाही, कारण इंजिनाचं वजन बदललं की गुरुत्वमध्य सरकतो. आराखड्यात ८० ते १०० अश्वशक्ती सांगितली आहे.

रोटॅक्स ९१२ यूएलएस सगळेच सुचवतात, आणि उगाच नाही: १०० अश्वशक्ती, ओव्हरहॉलची (इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करण्याची) मुदत २००० तास. पण नवं घेणं खिशाला झेपणारं नाही. जुनं घ्यायचं, तर तास कमी असूनही वर्षानुवर्षं पडून राहिलेलं इंजिन कितपत भरवशाचं? रबरी होस पाच वर्षांनी बदलायचे, हे ठाऊक आहे. गिअरबॉक्समध्ये काय पाहायचं?

दुसरा पर्याय म्हणजे फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाचं रूपांतर, २१८० सीसीचं. रचना साधी, सुटे भाग स्वस्त, प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर). माझा कल इकडेच आहे. पण लांब चढाईत सिलिंडर हेड तापतात, आणि गाडीचा क्रँकशाफ्ट प्रोपेलरचा ताण झेलायला बनवलेलाच नाही, ही धास्ती जात नाही. (टू-स्ट्रोक रोटॅक्स ५८२ सुचवू नका, धोका पत्करायचा नाही, शेजारी माणूस बसणार आहे!)

ज्यांनी बीटलचं इंजिन स्वतः उडवलंय, त्यांनी कृपया सांगा: चढाईत हेडचं तापमान किती जातं? बॅफल (थंड हवा सिलिंडरकडे वळवणारे पत्रे) कसे बसवलेत? क्रँकशाफ्ट कोणता घातला? फोटो टाकलेत तर फार बरं होईल.